गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून वाचा

मेडिकलमधून सर्दी-तापाची गोळी आणली की पुढचं मोठ्ठं नाव सोडा, स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरातलं वाचा, खरं औषध तिथे लिहिलेलं असतं. तापाच्या गोळीवर पॅरासिटामॉल ५०० नाहीतर ६५० मिग्रॅ दिसेल, आणि सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा तेच असतं, सोबत क्लोरफेनिरामिन, ज्याने झोप येते म्हणून गाडी चालवू नका, आणि फेनिलएफ्रिन, हे बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. माझी आई दोन्ही गोळ्या एकत्र घेत होती, नावं वेगळी म्हणून! मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल नको, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्यांतच जवळपास हद्द झाली, त्यापुढे लिव्हरला धोका. दारू पिणाऱ्यांनी आणि लिव्हरचा त्रास असलेल्यांनी तर आधी विचाराच.

उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही.

एक्सपायरी ऑगस्ट लिहिलीय तर ३१ ऑगस्टपर्यंत चालतं. दोनच गोळ्या घेतल्या की तारखेचा तुकडा दुकानातच राहतो, म्हणून कात्री लावायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा.