हिमबिबट्याची वाट बघत बसताना: गोठवणाऱ्या थंडीत काय खावं, काय प्यावं

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडची शिकार बंद झाली, पण दबा धरून बसणं काही बंद झालं नाही. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, एवढंच. जानेवारी ते मार्च या काळात स्पितीतल्या किब्बर-चिचमच्या दऱ्यांसमोर, लडाखमध्ये उले किंवा रुम्बकच्या खोऱ्यात माणसं स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) लावून सहा-सहा, आठ-आठ तास एका दगडाआड बसलेली दिसतात. त्यांत मराठी बोलणारेही भरपूर असतात. किब्बर साधारण ४,२०० मीटर उंचीवर आहे. तिथे हिवाळ्यात भर दुपारी पारा शून्याखाली असू शकतो आणि पहाटे उणे २०पर्यंत उतरतो.

अशा ठिकाणी ट्रेकचा डबा कामाला येत नाही. चालणाऱ्याचे स्नायू आपोआप ऊब तयार करत असतात, बसलेल्या माणसाच्या शरीराची शेगडी मात्र मंद आचेवर असते. जाकीट कितीही भारी घेतलं तरी ते नवी ऊब देत नाही, आहे ती धरून ठेवतं. ऊब तयार होते ती खाल्लेल्या अन्नातून. शरीर फारच गार पडलं की कुडकुडायला लागतं. तेव्हा स्नायू विश्रांतीच्या चार-पाच पट उष्णता तयार करू शकतात, आणि त्यासाठी मुख्यतः स्नायूंत साठवलेली साखर वापरतात. हा साठा लहान असतो. तो संपत आला की कुडकुडणंही मंदावतं, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

आधी ‘उष्ण’ पदार्थांबद्दल

बाजरी, तीळ, गूळ, डिंक हे आपल्याकडे उष्ण मानलेले पदार्थ थंडीत खरंच उपयोगी पडतात. कारण साधं आहे: त्यांतल्या बहुतेकांत थोड्या वजनात भरपूर ऊर्जा असते. एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थातून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेल-तुपातून ९. साखर लगेच लागू पडते, स्निग्ध पदार्थ सावकाश आणि लांबवर पुरतात.

तिखटाचं गणित उलटं आहे. झणझणीत रश्श्याने अंगभर ऊब वाटते, कारण त्वचेकडे रक्त धावतं आणि घाम फुटतो. पण त्वचेकडे आलेली ती उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि घामाने आतला थर ओला होतो. रात्री बुखारीशेजारी (खोली गरम ठेवणारी तिथली शेगडी) ठेचा खुशाल खा, पहाटे निघताना नको.

आदल्या रात्री

१. रात्रीचं जेवण भाताचं किंवा शेवया-नूडल्सचं असू द्या. थुक्पा (नूडल्सचं गरम सूप), खिचडी, राजमा-भात यांतलं होमस्टेत जे मिळेल ते चालतं. मांसाचा मोठा वाटा मात्र टाळा. विरळ हवेत जड जेवण पोटात रेंगाळतं, आणि आलेल्या मळमळीमुळे सकाळचं खाणं बुडतं. उंचीवर भूक मरतेच, त्यामुळे भूक लागेल तेव्हा खाऊ हा नियम इथे चालत नाही. घड्याळ बघून खायचं.

२. झोपण्यापूर्वी मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड आणि एक कप गरम दूध घ्या. पहाटे तीनच्या सुमाराला थंडीने जाग येणाऱ्यांना याचा फरक लगेच कळतो.

३. एक लिटरच्या पक्क्या झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, ती लोकरी मोज्यात घाला आणि स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. रात्री पाय गरम राहतात आणि सकाळी न गोठलेलं पाणी हाताशी मिळतं. बाटली आधी उलटी धरून गळत नाही ना, ते बघून घ्या. ओली स्लीपिंग बॅग तिथे दिवसभरात वाळत नाही.

खाऊ घरूनच करून न्यावा

इथेच बहुतेकांचं चुकतं. चिक्की उणे १५ अंशांत दगड होते आणि दात हलवते. तुपात वळलेले डिंकाचे लाडू गोठून इतके घट्ट होतात की बोटांनी फुटत नाहीत. केळी, संत्री, उकडलेली अंडी गोठतात. पोळी कडक होते. चॉकलेट चावता येतं, पण चव लागत नाही. शेंगदाणे, काजू, मनुका, फुटाणे यांत पाणी कमी असल्यामुळे ते तसेच राहतात.

म्हणून लाडू करायचे ते खास, आणि बोराएवढे:

भाजून सोललेले शेंगदाणे २५० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर २५० ग्रॅम, भाजलेले तीळ १०० ग्रॅम, तूप फक्त २ चमचे, सुंठपूड १ चमचा, मीठ अर्धा चमचा. शेंगदाण्यांचं जाडसर कूट करा. खजूर तुपावर दोन मिनिटं परतून मऊ करून घ्या, सगळं एकत्र मळा आणि १५ ग्रॅमचे गोळे वळा. साधारण चाळीस होतात, आणि एकातून जवळपास ७० कॅलरी मिळतात. तूप वाढवायचा मोह होईल, पण गारठ्यात घट्ट होतं ते तूपच. गोळा लहान असला की गोठला तरी गालात धरून विरघळवता येतो. मोठा लाडू तसाच डब्यात परत येतो.

पोळीऐवजी दशम्या न्या. दुधात भिजवलेल्या कणकेत मोहन घातलं की त्या मऊ राहतात. लोणचं किंवा चटणी आतच लावून गुंडाळी करा, म्हणजे डोंगरावर डबे उघडावे लागत नाहीत.

सगळा खाऊ कापडी किंवा जाड प्लास्टिकच्या, सरकपट्टीच्या पिशव्यांत भरा. बाजारच्या बारची वेष्टनं हातमोजे घालून फाडता येत नाहीत, आणि शांत दरीत त्यांचा कर्र आवाज फार लांब जातो. शेजारच्या स्कोपवाल्याची नजर तेव्हा बघण्यासारखी असते.

निघण्यापूर्वी

पहाटे पाचला जेवण जात नाही, म्हणून न्याहारीचे दोन भाग करा. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास वाटीभर गरम दलिया किंवा ओट्स, त्यात एक चमचा लोणी आणि दोन चमचे गूळ. उरलेला भाग, म्हणजे दशमी किंवा अंडं, जागेवर पोचल्या पोचल्या अंग गरम असतानाच खायचा.

पोचेपर्यंत घाम येणार नाही अशा बेताने चाला. भिजलेल्या बनियनची भरपाई कुठल्याही लाडवाने होत नाही.

थर्मास भरायची रीत

४,२०० मीटरवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं. म्हणजे थर्मासची सुरुवातच पुण्यापेक्षा साधारण बारा अंश खाली होते. म्हणून:

१. थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून झाकण लावा. पाच मिनिटांनी ते ओता आणि लगेच पेय भरा. ही पायरी गाळली की पेयाची उष्णता आधी स्टील तापवण्यात जाते.

२. काठोकाठ भरा. अर्ध्या भरलेल्या थर्मासमधलं पेय फार लवकर निवतं. दोन लिटरच्या एका थर्मासपेक्षा एक-एक लिटरचे दोन बरे, म्हणजे एक उघडेपर्यंत दुसरा बंद राहतो.

३. झाकणाचे आटे कोरडे पुसा. ओले राहिले की झाकण गोठून बसतं.

एका थर्मासमध्ये गोड पेय, दुसऱ्यात नुसतं गरम पाणी ठेवा. गोड पेयासाठी एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम गूळ, इंचभर ठेचलेलं आलं आणि चिमूटभर मीठ घालून उकळा आणि गाळा. लिंबू हवं असेल तर कपात पिळा. दुधाचा चहा थर्मासमध्ये नको. तो काही तासांत कोमट होतो, कोमट दूध नासतं, आणि झाकणाच्या रबराला धरलेला वास पुढच्या चार दिवसांच्या पेयांना येतो. दूध प्यायचंच तर होमस्टेत प्या.

गरम पेयाबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. ६० अंशांचं २०० मिलिलिटर पाणी प्यायलात तर त्यातून शरीराला जेमतेम ५ कॅलरी उष्णता मिळते. त्याच कपात दोन छोटे चमचे गूळ असेल तर ४० कॅलरी मिळतात. बिनसाखरेचा काळा चहा हात शेकायला उत्तम, पण पोटात जाऊन तो फारसं काही करत नाही. (मधुमेह असणाऱ्यांनी हे गोडाचं गणित आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवाव्यात. ग्लुकोमीटर आणि इन्सुलिन दोन्ही गोठू न देता अंगाशी बाळगावं लागतं.)

दुसऱ्या थर्मासमधलं पाणी सातूच्या पिठासाठी. स्पिती-लडाखमध्ये भाजलेल्या जवाचं पीठ हेच घरचं अन्न आहे, ते लोण्याच्या खारट चहात मळून गोळा करून खातात. आपलं सातूचं पीठ त्याच घराण्यातलं. भाजलेलं असल्यामुळे त्याला शिजवावं लागत नाही. कपात तीन मोठे चमचे पीठ, गूळ आणि थोडं लोणी घेऊन गरम पाणी ओता आणि ढवळा. तयार उपम्याची पाकिटं मात्र इथे फसतात: पाच तासांनी थर्मासमधलं पाणी इतकं गरम उरत नाही, आणि दाणे कचकच लागतात. तो उपमा सकाळीच, तोंड रुंद असलेल्या गरम केलेल्या फूड जारमध्ये उकळतं पाणी ओतून बंद करावा. दुपारी एकदाच उघडायचा आणि एका दमात संपवायचा.

जागेवर बसल्यावर

तासाला दीडशे ते दोनशे कॅलरींचा हिशेब धरा: दोन लाडू आणि थोडे शेंगदाणे, किंवा मूठभर सुकामेवा आणि अर्धा कप गोड पेय. थंडी वाजायला लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो, कारण अन्न पचून कामाला लागायला वेळ लागतो. मोबाइलवर तासाचा कंप लावून ठेवा. बिबट्या दिसला की माणसं चार-चार तास खायचं विसरतात, आणि त्यानंतरच बोटं बधिर होतात.

पुढच्या दोन तासांचा खाऊ आतल्या जाकिटाच्या खिशात ठेवा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्याही तिथेच असतात, त्यामुळे जागेवरून भांडण होतं. तडजोड करायची झाली तर बॅटऱ्या एका बाजूला, लाडू दुसऱ्या.

खाल्ल्यानंतर दोन मिनिटं उभं राहून टाचा उचला, बैठका मारा, हात गोल फिरवा. पोटात गेलेली ऊर्जा स्नायूंनी वापरली की तिची ऊब झपाट्याने होते.

ओतताना कप मांडीवर नव्हे, सपाट दगडावर ठेवा. हातमोज्यावर सांडलेला चहा दोन मिनिटांत बर्फ होतो.

पाणी: तहान लागत नाही हीच अडचण

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या मध्याकडे गोळा होतं. शरीराला पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं आणि लघवी वाढते. कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबरही पाणी जातं. विरळ हवेसाठी डॉक्टरांनी असिटाझोलामाइड दिलं असेल तर लघवी आणखी वाढते. दिवसभरात सूप, चहा धरून अडीच ते तीन लिटर पोटात जायला हवं. लघवी गडद पिवळी दिसली तर ते गेलेलं नाही.

सहा थर कपडे उतरवायचा कंटाळा म्हणून पाणी तोडणारे खूप, विशेषतः आडोसा नसतो म्हणून बायका. त्यावर उपाय म्हणजे बसायच्या जागेजवळचा आडोसा पोचल्यावर लगेच ठरवून ठेवणं, आणि उभ्याने लघवीसाठी मिळणारं नरसाळं जवळ असणं. पाणी तोडलं की डोकं दुखतं, आणि ते विरळ हवेमुळे की पाण्याअभावी, हे ओळखता येत नाही.

पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. नळीची पाणपिशवी आणूच नका, नळी पहिल्या तासात गोठते. आणि बर्फ खाऊ नका: अर्धा किलो बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला शरीराच्या जवळपास ६० कॅलरी खर्च होतात, म्हणजे एक लाडू गेला.

जे नको

दारू. गावात छांग किंवा अरक प्रेमाने पुढे केली जाते. तिने त्वचेकडे रक्त धावतं, म्हणून गरम वाटतं आणि प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर पडते. कुडकुडणं दबतं, रक्तातली साखर उतरते, विरळ हवेत झोप बिघडते. हात जोडून ‘उद्या पहाटे निघायचंय’ म्हणा, कुणी रागावत नाही. सिगारेटने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. कॉफी चालते, दोन कपांपर्यंत.

उरलेलं अन्न तिथे टाकू नका, पुरूही नका. स्पिती आणि लडाखमध्ये मोकाट कुत्र्यांचा प्रश्न गंभीर आहे. खरकट्यावर पोसलेली कुत्री तिथल्या वन्यप्राण्यांच्या मागे लागतात.

कुणी गार पडतंय असं वाटलं तर

बोलताना जीभ अडखळणं, चेन लावता न येणं, पाय ओढत चालणं, कारण नसताना चिडचिड किंवा गप्प होणं, ही लक्षणं शेजारच्याला आधी दिसतात. आधी वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे बदलणं, खाली बसायला चटई. माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल तर घोट घोट गोड गरम पेय, मग लाडू. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, पडून राहू द्या, हळुवार हाताळा, आणि ताबडतोब मदत मागवा. हातपाय चोळू नका. आणि कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्त झाला, तर तो बरा झाला असं समजू नका, बिघडला आहे.

परतल्यावर

अर्ध्या तासाच्या आत काहीतरी पिठूळ आणि खारट खा: थुक्पा, सूप-पाव, वरण-भात. दिवसभरात संपलेला साखरेचा साठा रात्रीतून भरला नाही तर दुसऱ्या दिवशी थंडी सकाळी दहालाच वाजायला लागते. त्यानंतर थर्मास कोमट पाण्याने धुवा, झाकणं उघडी ठेवून बुखारीजवळ वाळवा. पण झोपताना बुखारीच्या धुराड्याची वाट मोकळी आहे आणि खिडकीला फट आहे, एवढं बघूनच दिवा मालवा.