दातांचं मोठं काम निघालंय? दातवार यादी मागा
पाच-सहा दातांचं काम एकदम निघालं की ठोक आकडा ऐकूनच धडकी भरते. तो फोडून घ्या.

१. लेखी अंदाज दातवार मागा: दाताचा नंबर (36 म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ), काम काय, कॅप कशाची. झिर्कोनियापेक्षा (दाताच्या रंगाचं, बिनधातूचं सिरॅमिक) मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर सिरॅमिक) बहुधा स्वस्त; मागच्या दाढेला चालेल का, विचाराच.

२. कुठलं काम लगेच हवं, कुठलं थांबेल, त्यावर खूण करून घ्या.

३. ओपीजी एक्स-रे (सगळ्या दातांचा एकत्र फोटो) घेऊन शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही. पैसे कमी, खेपा जास्त, रजेचा हिशेब धरा.

सावधान: रूट कॅनाल झालेल्या दाढेची कॅप पैशांपायी लांबवू नका. कॅपविना ती दाढ उभी तडकली तर बहुतेक वेळा काढावीच लागते.