विमा कंपनी दाद देत नाही? कॅलिफोर्नियात विमा खात्याकडे तक्रार अशी करा

विमा कंपनीचं नकाराचं पत्र आलं की आपण पहिला परिच्छेद वाचतो, मनातल्या मनात दोन शिव्या हासडतो आणि पत्र ड्रॉवरमध्ये ढकलून देतो. मीही तेच केलं होतं. ते पत्र खरं तर शेवटून वाचायला हवं. क्लेम पूर्ण किंवा थोडासाही नाकारला, तर कॅलिफोर्नियात कंपनीला त्याच पत्रात एक मजकूर छापावाच लागतो: हा निर्णय चुकीचा वाटत असेल तर राज्याच्या विमा खात्याकडून तपासून घेता येईल. सोबत खात्याचा पत्ता आणि फोन.

माझं प्रकरण अगदी साधं होतं. फ्रीमाँटजवळ ८८० हायवेवर मागून कोणीतरी धडक दिली आणि न थांबता निघून गेला. माझी नऊ वर्षं जुनी कॅमरी गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही इतकी खराब, ठरली. धडक देणारा सापडला नाही, म्हणून क्लेम माझ्याच कंपनीकडे. अ‍ॅडजस्टरने (कंपनीतर्फे नुकसान तपासून रक्कम ठरवणारा माणूस) मूल्यांकनाचा कागद पाठवला. त्यात आसपास विकल्या गेलेल्या तीन सारख्या गाड्या होत्या आणि प्रत्येकीच्या किमतीतून ‘कंडिशन’ या नावाखाली ७८० डॉलर वजा केलेले होते. कशाबद्दल? त्यावर एक ओळ नाही. फोन केला की उत्तर यायचं, ‘सिस्टीमच तसं काढते.’ तीन आठवडे फोनवर घालवून शेवटी खात्याकडे गेले. नंतर ओळखीतल्या चार-पाच जणांना फॉर्म भरायला मदत केली. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते आहे.

आधी दार कोणतं ते बघा

अमेरिकेत विम्याचा कारभार राज्यांकडे आहे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यानंतर संसदेने तो राज्यांवरच सोडला. त्यामुळे न्यू जर्सीतल्या भावाला ‘डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्स’, न्यूयॉर्कमधल्या मैत्रिणीला ‘डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेस’ आणि आपल्याला ‘कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्स’. इथला विमा आयुक्त लोकांच्या मतांवर निवडून येतो. १९८८ च्या प्रपोझिशन १०३ ने, म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने केलेल्या कायद्याने, ही पद्धत आणली. निवडणुकीत त्या पदासमोरची चौकट आपण बहुतेक वेळा अंदाजाने भरतो, हा भाग वेगळा.

गाडी, घर, भाड्याच्या घरातलं सामान, आयुर्विमा यांत फारसा घोळ नाही, तक्रार थेट विमा खात्याकडे. खरा घोळ आरोग्य विम्यात आहे, आणि आपली माणसं इथेच चुकतात.

कॅलिफोर्नियातले एचएमओ (ठरलेल्या डॉक्टर-दवाखान्यांतच उपचार) आणि काही पीपीओ (जास्त पैसे देऊन बाहेरचे डॉक्टरही चालतात) प्लॅन विमा खात्याच्या हाताखाली येतच नाहीत. ते ‘डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअर’ या वेगळ्या खात्याकडे आहेत. त्यांचा फोन १-८८८-४६६-२२१९. त्याहून मोठी गंमत नोकरीच्या ठिकाणच्या विम्याची. मोठ्या टेक कंपन्यांचे बरेचसे प्लॅन ‘सेल्फ-फंडेड’ असतात. कार्डावर नाव, लोगो विमा कंपनीचा, पण उपचाराचे पैसे जातात नोकरी देणाऱ्या कंपनीच्या खिशातून. विमा कंपनी फक्त कागदपत्रं हाताळते. असे प्लॅन १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येतात, आणि राज्याच्या खात्याचा हात तिथे पोहोचत नाही. तक्रार जाते केंद्राच्या कामगार खात्याच्या ‘एम्प्लॉयी बेनिफिट्स सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’कडे, फोन १-८६६-४४४-३२७२. नुसतं कार्ड बघून हे बहुतेकदा कळत नाही. एचआरला एका ओळीचा ईमेल टाका, ‘आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड?’ ही एक ओळ न लिहिल्यामुळे आमच्या ओळखीतल्या एकाने दोन महिने चुकीच्या दारात काढले.

आई-बाबा इथे येतात तेव्हाचा विमा हे आणखी एक प्रकरण. तो पुण्याहून, भारतीय कंपनीकडून घेतला असेल तर कॅलिफोर्नियाचं खातं काही करू शकणार नाही. ती तक्रार आधी कंपनीकडे आणि मग भारताच्या विमा नियामकाच्या, म्हणजे हैदराबादच्या आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर करायची, किंवा भारतातून १५५२५५ वर फोन करायचा. पॉलिसी इथून ऑनलाइन घेतली असेल तर पॉलिसीच्या कागदावर विमा कंपनीचं नाव आणि ती कुठे नोंदलेली आहे ते शोधा. वेबसाइटचं नाव म्हणजे कंपनीचं नाव नव्हे. वेबसाइट बहुधा दलालाची असते.

तारखा मांडा

तक्रारीत जीव येतो तो तारखांनी. गाडी-घराच्या क्लेमसाठी राज्याच्या नियमांत कंपनीला मुदती घालून दिल्या आहेत, आणि त्या तोंडपाठ असल्या तर अर्धं काम होतं. क्लेम कळवल्यापासून १५ दिवसांत कंपनीने पोच द्यायची. तुम्ही उत्तर मागणारं काही लिहिलंत तर त्यालाही १५ दिवस. नुकसानीचे पुरावे पोहोचल्यापासून ४० दिवसांत क्लेम मान्य किंवा अमान्य करायचा. जमत नसेल तर का जमत नाही ते लेखी कळवायचं, आणि मग दर ३० दिवसांनी पुन्हा. मान्य झालेल्या रकमेचे पैसे ३० दिवसांत. हे सगळे दिवस कॅलेंडरचे, म्हणजे शनिवार-रविवार धरून.

एक कोरा कागद घ्या आणि डावीकडे तारखा, उजवीकडे काय घडलं ते लिहा. फोनवर बोललात तर कोणाशी, किती वाजता. आणि फोन ठेवल्यावर लगेच अ‍ॅडजस्टरला ईमेल: ‘आत्ता बोललो त्यात तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना?’ उत्तर आलं तर पुरावा हाती येतो. नाही आलं तर १५ दिवसांचं घड्याळ सुरू झालेलं असतं.

घराचं नुकसान असेल तर आणखी एक हक्क आहे. क्लेमच्या फाइलमधली कागदपत्रं, म्हणजे दुरुस्तीचे अंदाज, मोजमापं, अहवाल, तुम्ही लेखी मागू शकता आणि कंपनीला १५ दिवसांत द्यावी लागतात. फार कमी लोक मागतात.

कंपनीला शेवटचं एक पत्र

खात्याकडे जाण्याआधी कंपनीला एकदा लेखी संधी द्या. अ‍ॅडजस्टरच्या वरच्या माणसाला लिहा. मी एवढंच विचारलं होतं: तिन्ही गाड्यांवर लावलेली ७८० डॉलरची कपात पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली किंवा राज्याच्या कोणत्या नियमाखाली आहे, आणि माझ्या गाडीतला कोणता दोष धरून ती काढली आहे? उत्तर आलं, पण त्यात कलम नव्हतं, दोषही नव्हता. तेच उत्तर पुढे मी तक्रारीला जोडलं.

हा प्रश्न मी हवेतून काढला नव्हता. टोटल लॉसच्या नियमात लिहिलंय की गाडीच्या अवस्थेपोटी काही वजा करायचं तर ते मोजता येण्याजोगं, दिसण्याजोगं, बाबवार लिहिलेलं आणि रकमेने वाजवी असलं पाहिजे. सारखी गाडी म्हणून जी दाखवतात ती तुमच्याच भागातली आणि गेल्या ९० दिवसांतली हवी. विक्रीकर आणि नाव बदलण्याची फी धरूनच पैसे द्यायचे. आणि मिळालेल्या रकमेत तशी गाडी बाजारात मिळालीच नाही, तर ३५ दिवसांत कळवलं की कंपनीला फाइल पुन्हा उघडावी लागते. गाडी टोटल लॉस झालेल्या प्रत्येकाने हे चार मुद्दे फ्रिजवर चिकटवावेत.

फॉर्म भरताना

फॉर्म खात्याच्या वेबसाइटवर आहे. नाव ‘रिक्वेस्ट फॉर असिस्टन्स’. फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १-८००-९२७-४३५७ वर फोन करा. पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, कंपनीचं पॉलिसीवर छापलेलं पूर्ण नाव (एकाच ब्रँडखाली तीन-तीन कंपन्या असतात, हे बारकाईने बघा) आणि अ‍ॅडजस्टरचं नाव हाताशी ठेवा. दुसऱ्याच्या विमा कंपनीविरुद्ध, म्हणजे ज्याने तुम्हाला धडक दिली त्याच्या कंपनीविरुद्धही तक्रार करता येते.

‘काय झालं ते लिहा’ या चौकटीत माणसं वाहवत जातात. वीस वर्षं हप्ते भरले, एकदाही क्लेम केला नाही, अ‍ॅडजस्टर उर्मटपणे बोलला, मुलांना शाळेत सोडायचे हाल झाले. सगळं खरं असेल, पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून कंपनीला विचारण्याजोगा प्रश्न मिळत नाही. माझी पहिली प्रत अशीच दीड पानांची रडकथा होती. नवऱ्याने वाचली आणि विचारलं, ‘यात तुला नक्की काय हवंय?’ दुसरी प्रत साधारण अशी होती:

‘१२ मार्चला अपघात झाला, १३ मार्चला कळवलं. २ एप्रिलला मूल्यांकन मिळालं. त्यात तिन्ही गाड्यांवर प्रत्येकी ७८० डॉलर वजा केले आहेत. कारण दिलेलं नाही. ५ एप्रिलला लेखी विचारलं, १९ एप्रिलच्या उत्तरातही कारण नाही. कंपनीने कपातीचा तपशील द्यावा, नाहीतर ती मागे घेऊन रक्कम आणि त्यावरचा विक्रीकर द्यावा.’

सहा ओळी, अर्थातच इंग्रजीत. सोबत चार कागद: पॉलिसीचं पहिलं पान, मूल्यांकन, माझा ईमेल, त्यांचं उत्तर. गाडीचे फोटोही जोडले होते, पण बहुधा त्यांची गरज पडली नसावी. मूळ प्रती कधीच पाठवू नका.

पुढे काय होतं

दहा कामकाजाच्या दिवसांत तक्रार मिळाल्याची पोच येते. खातं तुमची तक्रार कंपनीला पाठवून खुलासा मागतं, आणि कंपनीला २१ दिवसांत सगळं सविस्तर उत्तर द्यावं लागतं. इथे फरक पडतो. तोवर तुमची फाइल अ‍ॅडजस्टरच्या टेबलावरच्या दोनशे फाइलींतली एक असते. खात्याचं पत्र आलं की मोठ्या कंपन्यांत ती सहसा वेगळ्या माणसाच्या हातात जाते, आणि त्याला ‘सिस्टीमच तसं काढते’ असं लिहून चालत नाही.

राज्याच्या विमा संहितेत क्लेमच्या बाबतीतल्या १६ गैरप्रकारांची यादी आहे. नकाराचं नीट कारण न देणं त्यात आहे. ‘वकील करू नका’ असं क्लेम करणाऱ्याला सांगणं हेही आहे, आणि ते तर इथे सर्रास ऐकायला मिळतं. अशा प्रत्येक कृत्याला पाच हजार डॉलरपर्यंत, आणि मुद्दाम केलं असेल तर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तो तुम्हाला मिळत नाही, राज्याला जातो. पण कंपनीच्या उत्तराचा सूर तो बदलतो. शिवाय तक्रारींची नोंद राहते, आणि कोणत्या कंपनीबद्दल किती तक्रारी रास्त ठरल्या याची तुलना खातं प्रसिद्ध करतं. पुढची पॉलिसी घेताना तीही चाळा.

माझ्या बाबतीत अठराव्या दिवशी कंपनीचा फोन आला. कपात कशासाठी हे सांगता येत नव्हतं, म्हणून ती मागे घेतली. विक्रीकर धरून ८६० डॉलरचा चेक आला. दिलगिरी वगैरे काही नाही.

खातं काय करत नाही

सिग्नल कोणाचा लाल होता, छताचं नुकसान वादळाने झालं की जुनाटपणाने, साक्षीदार खरं बोलतोय का, असले वाद खातं सोडवत नाही. ते न्यायाधीश नाही आणि तुमचं वकीलही नाही. कंपनीने कायदा आणि स्वतःची पॉलिसी पाळली की नाही, एवढंच ते तपासतं. तुमचं भांडण निव्वळ रकमेचं असेल, म्हणजे ते म्हणतात छत नऊ हजारांचं आणि तुमचा कंत्राटदार म्हणतो एकवीस हजारांचं, तर पॉलिसीत ‘अप्रेझल’चं कलम शोधा. दोन्ही बाजू आपापला तज्ज्ञ नेमतात, आणि त्यांचं जमलं नाही तर तिसरा पंच ठरवतो. तज्ज्ञाचा खर्च मात्र आपला, त्यामुळे हजार-दोन हजारांच्या वादाला ते परवडत नाही.

तिथे छोट्या रकमांच्या दाव्यांसाठी असलेलं स्मॉल क्लेम्स कोर्ट बरं. व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, आणि सुनावणीला कोणाच्याच बाजूने वकील उभा राहत नाही. आरोग्य विम्यात उपचार ‘गरजेचे नाहीत’ म्हणून नाकारले असतील तर रस्ता वेगळा. आधी प्लॅनकडे तक्रार करायची, त्यांनी ३० दिवसांत सोडवलं नाही किंवा नकार कायम ठेवला तर सहा महिन्यांच्या आत ‘इंडिपेंडंट मेडिकल रिव्ह्यू’ मागायचा. बाहेरचे डॉक्टर कागद बघतात. तो फुकट असतो, आणि त्यांचा निर्णय प्लॅनला मानावाच लागतो.

खात्याकडे तक्रार केली म्हणून कोर्टाची मुदत थांबली असं धरून बसू नका. तुम्ही वकील केलेला नसेल तर मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी कंपनीने तुम्हाला ती तारीख लेखी कळवायची असते, पण त्या पत्राची वाट कशाला बघायची? पॉलिसीतलं दाव्याच्या मुदतीचं कलम आजच काढा आणि ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला.