कुत्र्याच्या गुडघ्याची वाटी सरकते तेव्हा : या चुका टाळा

पॉमेरेनियन, चिवावा किंवा यॉर्कशायर टेरिअरसारखा छोटा कुत्रा पळता पळता मागचा एक पाय पोटाशी घेतो, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतो, पाय मागे झटकतो आणि काही झालेच नाही असा पुन्हा पळू लागतो. घरचे याला कौतुकाने नखरा म्हणतात. पहिली चूक इथेच होते. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत वर-खाली सरकत असते. ही खोबण उथळ असली किंवा पायाची हाडे किंचित पिळलेली असली, तर वाटी कड ओलांडून बाजूला, छोट्या जातींत बहुधा आतल्या बाजूला, घसरते आणि पाय ताणला की जागेवर येते. लंगडणे थांबले तरी दोष तसाच राहतो आणि वारंवारच्या घर्षणाने कूर्चा, म्हणजे सांध्यातील हाडांवरचे गुळगुळीत आवरण, झिजते.

केवळ एक्स-रेवर विसंबणे ही दुसरी चूक होय, कारण त्या क्षणी वाटी जागेवर असेल तर ती चित्रात सरकलेली दिसणार नाही. निदान मुख्यतः पशुवैद्याच्या बोटांनी होते आणि दोन्ही गुडघे तपासावे लागतात. दोषाच्या तीव्रतेनुसार चार श्रेणी मानतात. पहिल्या श्रेणीत वाटी हाताने ढकलल्यावर सरकते व सोडताच परतते. दुसरीत ती आपोआप सरकते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, पण हाताने बसवता येते. चौथीत तीही सोय उरत नाही. घरी वाटी बसवण्याचा प्रयोग करू नये. वजन मात्र आटोक्यात ठेवावे.

सर्वांत महागात पडणाऱ्या चुका प्रजननात होतात. शस्त्रक्रियेने खोबण खोल करता येते, जनुके बदलता येत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ठणठणीत पळणारा नरही प्रजननातून वगळलाच पाहिजे. ‘पहिलीच श्रेणी आहे, चालेल’ हा युक्तिवादही मला पटत नाही. हा दोष अनेक जनुकांच्या मेळातून उतरत असल्याने निर्दोष दिसणाऱ्या आईवडिलांनाही सदोष पिल्ले होऊ शकतात. त्यामुळे भावंडांचीही माहिती ठेवावी लागते आणि तशी पिल्ले निघाल्यास तीच जोडी पुन्हा लावू नये. प्रजननासाठीची तपासणी कुत्रा किमान 12 महिन्यांचा झाल्यावर करावी. ‘सोफ्यावरून पडला होता’ हे कारण क्वचित खरेही असते, परंतु दोन्ही गुडघे सैल असतील तर सोफ्याला दोष देता येत नाही. पिल्लू घेणाऱ्याने आईवडिलांच्या गुडघ्यांचा लेखी तपासणी अहवाल मागावा, आणि शक्य असल्यास आईला चार पावले चालताना पाहावे.