बोलल्यावर जरा थांबा: लहान मुलांचं बोलणं घरी कसं वाढवावं

"मॅडम, पोरगं समजते सगळं, पण बोलत नाही." नागपुरात वाचा उपचाराचं काम करताना हे वाक्य मला सतत ऐकू येतं. त्याच्या मागोमाग आजीचा दिलासा असतो, "त्याचा बापही उशिराच बोलला होता." उशिरा बोलणारी काही मुलं पुढे छान बोलतात, हे खरं आहे. पण आपलं मूल त्यातलंच आहे, हे घरबसल्या कळत नाही. म्हणून आधी कान तपासा.

मागे ताट वाजवलं आणि मूल दचकलं, म्हणजे कान चांगले, असं समजू नका. फरशीचा हादरा जाणवतो, सावली दिसते. शिवाय काही मुलांना जाड, मोठे आवाज ऐकू येतात, पण 'स', 'श', 'फ' असे बारीक आवाज सुटतात. अशी मुलं हाक मारली की वळतात, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. वारंवार सर्दी होत असेल, तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून काही आठवडे ऐकू कमी येऊ शकतं. नवजात बाळाची ओएई ही ऐकण्याची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा ही ऐकण्याची अधिक सखोल चाचणी करतात. पहिली तपासणी 1 महिन्याच्या आत, निदान 3 महिन्यांपर्यंत आणि उपचार 6 महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत, असा जगभरचा दंडक आहे. राहून गेली असेल तर आज करा. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन विचारा.

कान ठीक असतील तर पुढचं काम घरचं. त्यात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे बोलून झाल्यावर गप्प राहणं. आपण विचारतो, "काय पाहिजे?" आणि लगेच स्वतःच सांगतो, "दूध पाहिजे ना? हे घे." पोराची पाळीच येत नाही. खाली जमिनीवर बसा, तोंड त्याच्या तोंडासमोर आणा, एक छोटं वाक्य बोला आणि मनात दहापर्यंत मोजा. सुरुवातीला हे दहा आकडे फार लांब वाटतात. पण त्या शांततेत मूल बघतं, हात पुढे करतं, एखादा आवाज काढतं. तेच त्याचं उत्तर धरा आणि लगेच प्रतिसाद द्या.

संत्र्याच्या दिवसांत हे शिकवायला साधन शोधावं लागत नाही. पूर्ण संत्रं सोलून वाटीत देऊ नका. अख्खं हातात द्या. "साल काढू?" थांबा. एक फोड द्या, बाकीची आपल्या हातात ठेवा. थांबा. "अजून?" थांबा. त्याने "अजू" म्हटलं तर "अजून फोड!" म्हणत द्या. त्याच्या शब्दात आपला एकच शब्द घालायचा. ते "गाडी" म्हणालं तर "लाल गाडी". ते "आबाजी गेले" म्हणालं तर "आबाजी बर्डीवर गेले". फोड हातात रोखून "आधी संत्रं म्हण, मग देतो" असं मात्र करू नका. मुलाला बोलावंसं वाटलं पाहिजे, ती परीक्षा वाटता कामा नये. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव, म्हणून दाखव" हेसुद्धा बंद करा.

उच्चार चुकला तर टोकू नका. "लोती" म्हटलं की "हो, गरम रोटी" एवढं म्हणा, बास. 'काकू'ची 'ताकू' तिसऱ्या वर्षी चालते. 'र', 'ळ', 'ण' त्याहून उशिरा बसतात. आणि आपल्या भागातली एक गोष्ट शहरातले पालक विसरतात: आजी-आजोबा वऱ्हाडी बोलणारे असतील आणि मूल 'डोळा'ला 'डोया' म्हणत असेल, तर तो वाचादोष नाही. ती त्या घराची बोली आहे. अशा मुलांना मोठी माणसं उगाच लाजवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तसंच भाषांचं. घरी मराठी, खाली खेळताना हिंदी, शाळेत इंग्रजी, हे नागपूरच्या निम्म्या गल्ल्यांचं चित्र. "एकच भाषा ठेवा, नाहीतर पोर गोंधळेल" हा सल्ला सर्रास दिला जातो, पण दोन भाषांमुळे बोलणं रखडत नाही. 'पाणी' आणि 'गाडी'सोबत मूल 'चलो' म्हणत असेल तर तोही शब्द मोजा. आईला ज्या भाषेत रागावता येतं, लाड करता येतात, त्याच भाषेत तिने मुलाशी बोलावं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, दुपारी दारं-खिडक्या बंद, आणि मोठा कूलर घरघरत असतो. त्या आवाजात दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक आपल्याला समजते, कारण शब्द ओळखीचे आहेत. शिकणाऱ्या मुलाला त्यातलं अर्धंच मिळतं. म्हणून जवळ जाऊन, समोरून बोला. गोष्ट सांगताना थोडा वेळ कूलर कमी वेगावर ठेवा. याच दुपारी मोबाइल हातात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच, आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसात फार तर एक तास. मोबाइल बोलतो भरपूर, पण मुलासाठी थांबत नाही. त्यापेक्षा कूलरमध्ये पाणी भरताना मदतीला घ्या: "बादली भरली. जड आहे. ओतू?"

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी नंद्यांच्या पोळ्याला, तर सोडूच नका. आदल्या दिवशी लाकडी नंदी सजवताना शिंगं, झूल, चाक, घुंगरू ही नावं हात लावत घ्या. संध्याकाळी घरी आल्यावर विचारा, आधी कोणाकडे गेलो, मग काय झालं, बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, कोणी दिला. घडलेलं क्रमाने सांगता येणं हीच पुढे धडा समजण्याची तयारी.

वाचनाची सुरुवातही अक्षरांच्या आधी होते. सहा महिन्यांच्या बाळाला जाड पानांचं चित्रांचं पुस्तक द्या, ते चावेल, चावू द्या. तेच पुस्तक पन्नासदा मागेल, पन्नासदा वाचा. चौथ्या वर्षाकडे आवाजांचे खेळ: के-ळी, दोन टाळ्या, ब-टा-टा, तीन टाळ्या. "क ने सुरू होणारं स्वयंपाकघरात काय काय आहे?" हे तोंडी जमलं की अक्षर लवकर पकडतात.

अक्षरं 'अ' पासून ओळीने शिकवायची गरज नाही. मुलाच्या नावातली अक्षरं आधी घ्या, मग दुकानांच्या पाट्या, मेट्रोच्या स्टेशनांची नावं. घ-ध, भ-म, प-ष या जोड्या एकत्र दाखवू नका, एक पक्कं झालं की काही आठवड्यांनी दुसरं. 'मिरची'तली पहिली वेलांटी दिसते आधी, बोलली जाते नंतर, तिथे मुलं अडखळतात. बोट आधी 'म'वर ठेवा. 'चमचा' आणि 'चहा' यांतले 'च' वेगळे ऐकू येतात, तेही बोलून दाखवा. पेन्सिलची घाई नको. कणीक मळणं, मटार सोलणं, रांगोळीचे ठिपके यांनी बोटं तयार होतात. नर्सरीच्या प्रवेशासाठी तीन वर्षांच्या मुलाकडून पानं भरून घेणं थांबवा.

काही बाबतीत मात्र वाट पाहू नका. वर्षाचं होऊनही बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. दीड वर्षाला एकही शब्द नाही. दोन वर्षांना "पाणी दे" सारखे दोन शब्द जोडत नाही. किंवा कुठल्याही वयात येत असलेले शब्द गेले, तर लगेच दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत येतं आणि पुढचे उपचार मोफत असतात. सेविकेला विचारा.

मुलाला दाखवायला येताना त्याचे सगळे शब्द, कुठल्याही भाषेतले, कागदावर लिहून आणा. आणि घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणा, मुलाला न सांगता काढलेला.