म्यूझस्कोअरमध्ये पेटीचा आवाज कसा आणला

कुडाळच्या आमच्या भजन मंडळासाठी मी चाली म्यूझस्कोअर ४ ह्या स्वरलिपी लिहायच्या प्रोग्राममध्ये लिहून ठेवतो. पण प्ले केलं की पेटीच्या ओळीत पियानो वाजायचा. बुवांनी ऐकून लगेच विचारलं, "ह्या असा वाजला तर पोरांका सूर कसो गावतलो?" बरोबरच होतं त्यांचं.

म्यूझ साउंड्सच्या, म्हणजे म्यूझस्कोअरच्याच वाद्यांच्या आवाजांच्या, लायब्ररी बऱ्याच मोठ्या, आणि पावसात इथे लाइट गेली की डाउनलोड अडतं. म्हणून एक छोटा साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्यांचे आवाज साठवलेली फाइल, घेतला. झिप उघडून आतली एसएफ२ फाइल डॉक्युमेंट्समधल्या म्यूझस्कोअर४ फोल्डरात, साउंडफॉन्ट्समध्ये टाकली आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. तरी पियानोच! कारण जुना स्कोअर, म्हणजे आधी लिहून ठेवलेली चाल, आधी निवडलेला आवाज धरून ठेवतो. एफ१० दाबून मिक्सर उघडला, पेटीच्या पट्टीत साउंडवर क्लिक केलं, नवा साउंडफॉन्ट आणि त्यातला रीड ऑर्गन निवडला. जनरल मिडी म्हणजे वाद्यांच्या आवाजांची ठरलेली यादी, तिच्या १२८ आवाजांत हार्मोनियम नाही. २१व्या क्रमांकाचा हा रीड ऑर्गनच सगळ्यांत जवळचा, दोन्हींत हवेवर पत्तीच कंप पावते. मग रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, कमी केला, तसा स्वर भात्यातून निघाल्यासारखा सुटा ऐकू आला. स्कोअर सेव्ह केला की ही निवडही त्यातच राहते.