इंग्रजी वाक्यात ‘च’ आणायचा असेल तर

इंग्रजी मेलमध्ये एखाद्या शब्दावर जोर द्यायचा म्हटलं की बरेच जण तो कॅपिटल अक्षरांत टाकतात. वाचणाऱ्याला ते ओरडल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा असं करा:

१. साधं वाक्य लिहा: ‘मीना साइन्ड द फॉर्म ऑन मंडे.’
२. मराठीत ‘च’ कुठे लावला असता, ते ठरवा.
३. तो भाग उचलून ‘इट वॉज’च्या पुढे ठेवा. मग ‘दॅट’ आणि उरलेलं वाक्य जसंच्या तसं.

सोमवारीच सही केली: ‘इट वॉज ऑन मंडे दॅट मीना साइन्ड द फॉर्म.’ (‘ऑन’ सोबतच उचला.)
मीनानेच केली: ‘इट वॉज मीना हू साइन्ड द फॉर्म.’ माणूस असेल तर ‘हू’ जास्त बरं दिसतं. माणसं अनेक असली तरी सुरुवात ‘इट वॉज’नेच.

क्रियापद मात्र या साच्यात बसत नाही. सहीच केली म्हणायचं तर ‘व्हॉट मीना डिड वॉज साइन द फॉर्म.’

एक जपा: ‘इट वॉज यू हू...’ हे कामाच्या मेलमध्ये सहज आरोपासारखं वाचलं जातं. तिथे साधं वाक्यच ठेवा.